आडोसा

"सोक-जू, जरा गाडी थांबवतोस का?" आईनं मागून हळूच विचारलं. गाडी थांबलेलीच होती. पहाटे सोल सोडल्यापासून ती धावली कमी आणि थांबली जास्त. तेजॉन मागे टाकून डोंगराच्या चढाला लागल्यावर तर दोन्ही रांगा अशा काही अडकल्या होत्या, की पुढच्या गाड्यांतले पुरुष खाली उतरून सिगरेटी ओढत उभे होते, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका डोक्यावर कुरमुऱ्यांच्या थाळ्या नि वाळवलेले माकूल घेऊन गाड्यांच्या मधून बाजारात फिरावं तशा फिरत होत्या. छुसोकचा सण, अर्धं सोल आपापल्या गावाला निघालेलं, आणि सगळ्यांना बुसानकडे नेणारा रस्ता एकच. थांबलेल्या गाडीत बसून आईनं 'थांबव' म्हणावं याचा अर्थ सोक-जूला पुरता कळला होता. म्हणूनच त्याला वाटलं, की आपल्याला ऐकूच आलं नाही असं झालं तर बरं. त्यानं रेडिओचा आवाज थोडा वाढवला. रेडिओवरची बाई कुठे कुठे गाड्या तुंबल्यात ते अगदी आनंदानं सांगत होती.

"अहो, आई काहीतरी म्हणताहेत," शेजारी बसलेली ह्ये-रान म्हणाली.

"विश्रांतीगृह येईलच आता. एवढा चढ संपला की लगेच."

"बरं बरं," आई म्हणाली. "येऊ दे. मला काही घाई नाही."

घाई नाही असं आई म्हणाली की घाई फार असते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण डाव्या हाताला, अगदी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, प्यो साहेबांची काळी गाडी उभी होती. प्यो साहेब त्याच्या खात्याचे प्रमुख. सकाळी दोन्ही गाड्या पहिल्यांदा शेजारी आल्या तेव्हा त्यानं बसल्या जागी होईल तेवढं कमरेत वाकून नमस्कार केला होता, साहेबांनी काच खाली करून, आडनावानं हाक मारत "काय हो बांग, तुम्हीसुद्धा?" म्हटलं होतं, आणि त्यांच्या बायकोनं सोललेल्या नासपतीच्या फोडी खिडकीतून पुढे केल्या होत्या. इथवर छान झालं होतं. पण मग साहेबांची रांग चार पावलं पुढे गेली, मग याची गेली, मग पुन्हा दोघं शेजारी. पुन्हा नमस्कार, पुन्हा हसू. असं होता होता हसायचं तरी किती, म्हणून दोघंही नाकासमोर पाहू लागले होते. आणि नाकासमोर पाहत असतानाही सोक-जूला आपला डावा गाल, डावा कान, डावा खांदा सतत कुणीतरी न्याहाळतंय असं वाटत होतं. सोक-जूची गाडी नवी होती. आईनं मात्र चढताना आपले रबरी जोडे काढून, एकावर एक ठेवून मांडीवर घेतले होते. "आई, गाडीत जोडे काढायचे नसतात," असं तो म्हणाला होता. "एवढी स्वच्छ बैठक, तिच्यात मातीचे जोडे?" असं म्हणून तिनं ते उराशी धरले होते. नासपतीच्या फोडी देताना साहेबांच्या बायकोची नजर त्या जोड्यांवर गेली का, हे त्याला नक्की सांगता येत नव्हतं. गेली असावी. न जायला काय झालं.

या रस्त्याबद्दल तो एकदा ऑफिसात बोलून गेला होता. सगळे जेवायला बसलेले, ग्लास रिकामे होत होते, आणि प्यो साहेब म्हणाले की सोल-बुसान रस्ता झाला नसता तर आपला देश अजून बैलगाडीतच असता. तेव्हा सोक-जू पटकन म्हणाला, "आमचे वडील या रस्त्याच्या कामावर होते, साहेब. ओकचॉनच्या बोगद्याकडे." "अरे वा," साहेब म्हणाले, "म्हणजे अभियंत्याच्या घरातले तुम्ही!" तो हसला आणि ग्लास दोन्ही हातांनी पुढे केला. 'अभियंता' हा शब्द काही त्याचा नव्हता. पण त्याचं बोलणंही खरं नव्हतं. वडील तर काम सुरू व्हायच्या आधीच छातीच्या दुखण्यानं गेले होते. कामावर होती ती आई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खडीचं घमेलं, आणि डोंगरउतारावर तिच्यासारख्या बायकांची मुंग्यांसारखी रांग. मजुरांना दुपारी पाव मिळायचा. आई तो न खाता झग्याआड लपवून घरी आणायची. त्याला नि धाकट्या सोक-मानला तो पाव इतका आवडायचा, की संध्याकाळी दोघं वाटेवर जाऊन उभे राहायचे. पावाला खडीच्या धुळीचा वास असायचा. पुढे सोलमध्ये कितीतरी चांगल्या दुकानांतले पाव त्यानं खाल्ले, पण तोंडात तुकडा गेला की क्षणभर तो वास आठवायचा आणि मग त्या आठवण्याचीच लाज वाटायची. रस्ता सुरू झाला त्या दिवशी त्यांची सगळी शाळा कडेला उभी केली होती, हातात कागदी झेंडे देऊन. मोठ्या माणसांच्या गाड्या येणार होत्या. समोरच्या उतारावर मजूर बायका दाटीनं उभ्या होत्या, त्यांच्यात आई. तिनं त्याला ओळखलं आणि हात हलवला, दोन्ही हात, डोक्याच्या वर. शेजारचा पोरगा म्हणाला, "ती बाई बघ कशी नाचतेय." सोक-जूनं झेंडा तोंडासमोर धरला आणि इतक्या जोरानं हलवला, की गुरुजींनी "शाबास, बांग!" म्हटलं. कुणी त्याला विचारलं नव्हतं ती कोण म्हणून. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा विचार त्यानं पुढे वर्षानुवर्षं केला, आणि दर वेळी उत्तर अर्ध्यावर सोडून दिलं.

"बाबा, आजीला शू लागलीय," बोरा म्हणाली. सात वर्षांच्या मुलीचा आवाज काचा खाली असलेल्या गाडीतून जितका लांब जाईल तितका गेला.

"गप बस."

"पण लागलीय ना! तिच्या पोटात दुखतंय."

त्यानं आरशात पाहिलं. आईनं डोळे मिटले होते. कपाळावर घामाचे बारीक थेंब, ओठ दातांखाली. गुलाबी-पांढरा सणाचा झगा, ह्ये-राननं मुद्दाम इस्त्री करून दिलेला, मुठीत चुरगळत होता. तो चेहरा त्याला पाहवेना. त्यानं हात वर केला आणि आरसा किंचित वर फिरवला. आता त्यात फक्त मागच्या गाडीचं टप आणि आभाळ दिसत होतं. हे आपण काय केलं, हे त्याला हात खाली यायच्या आतच कळलं होतं. पण आरसा पुन्हा सारखा करायला हात उचलायचा तर ह्ये-रान बघत होती.

ह्ये-राननं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खरं तर काही म्हणायचा हक्क तिलाही नव्हता. आईला बुसानला सोक-मानकडे कायमचं ठेवायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि सुरुवात तिनं केली होती. तीन वर्षांपूर्वी गावचं घर विकून आई त्यांच्याकडे आली तेव्हापासून त्या दोन खोल्यांत कुणालाच श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. इमारतीच्या जिन्यात आई मुळ्याचा पाला वाळत घालायची. कचऱ्यातले पुठ्ठे उचलून, बांधून, दारामागे रचून ठेवायची. लिफ्टमध्ये भेटेल त्याला "तुम्ही कुठल्या गावचे?" असं विचारायची, आणि माणसं भिंतीकडे बघायची. सोक-मानचं बुसानला टायरचं दुकान होतं, वर ऐसपैस घर होतं. तो फोनवर म्हणाला, "पाठव ना दादा, त्यात काय." फक्त आईला सांगायचं राहिलं होतं. सण झाल्यावर सांगू, असं सोक-जू म्हणाला होता. आईच्या हिवाळी कपड्यांचं गाठोडं आणि तिची रजई ह्ये-राननं रात्रीच डिकीत ठेवली होती, त्याच्यावर भेटवस्तूंचे खोके रचून.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. आई खाली उतरली होती, नुसत्या पायमोज्यांवर. जोडे बैठकीवरच राहिले. रस्त्याच्या कडेला कॉसमॉसची फुलं लावली होती, गुडघाभर उंच, नाजूक, वाऱ्यानं डुलणारी. त्यांच्यामागे मांजरसुद्धा लपलं नसतं. आई तिथे जाऊन, इकडेतिकडे बघत, बावरून उभी राहिली. आणि सोक-जू स्टीअरिंग धरून समोर बघत राहिला. उतर, तो स्वतःला म्हणाला. डिकीतली रजई काढ नि धर. डिकी उघडली की रजई दिसेल, हे त्याच क्षणी त्याला आठवलं, आणि न उतरायला चांगलं कारण सापडलं म्हणून त्याला हायसं वाटलं.

ह्ये-रान उतरली. दार तिनं आपटलं नाही, हळूच लावलं. आईजवळ जाऊन तिनं आपला सणाचा रुंद झगा दोन्ही हातांनी पंखासारखा पसरला आणि म्हणाली, "बसा आई, मी आहे." पण एका झग्यानं एकच बाजू झाकली. मग डावीकडच्या गाडीचं दार उघडलं आणि साहेबांची बायको, रेशमी झगा सावरत, त्याच्या बॉनेटसमोरून कडेला गेली. तिच्यामागून पलीकडच्या गाडीतली एक लठ्ठ बाई, मग एक लेकुरवाळी, मग कुरमुरे विकणारीही थाळी खाली ठेवून गेली. बघता बघता झग्यांचं एक रंगीत कडं तयार झालं. आतून आईचा हसरा, मोकळा आवाज आला, "अगं बायांनो, एवढा थाटमाट कशाला!"

"आमचीही सोय होतेय, मावशी!" लठ्ठ बाई म्हणाली. "तुम्ही उतरलात म्हणून. मी सुवॉनपासून दम धरून बसलेय."

"मग ये, बस की! लाजू नकोस. हा रस्ता माझाच आहे. इथली खडी मी डोक्यावरून वाहिलीय, थोरल्याला माझ्या पाव आवडायचा म्हणून दोन पाळ्या करायचे. एवढा हक्क तर माझा आहेच!"

बायका खो खो हसल्या. हसताना ते कडं हललं, पुन्हा आवळलं. पुरुष सगळे, गाडीगाडीतून, नाकासमोर बघत होते. सोक-जूचे कान तापले. डावीकडे प्यो साहेब होते, त्यांच्याही काचा खाली होत्या, त्यांनीही ऐकलं असणार. ओकचॉनचा बोगदा. अभियंत्याच्या घरातले तुम्ही. त्याला मान वळवून साहेबांकडे बघायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल ते असो, एकदा बघून टाकलं की सुटलो. पण मान वळेना. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त एवढं दिसलं, की साहेब काच वर करताहेत. हळूहळू, हातानं फिरवत. हे सभ्यपणानं की तिरस्कारानं, हे त्याला कधीच कळलं नाही.

आणि तेवढ्यात पुढची गाडी हलली.

तिच्या पुढचीही हलली होती. चढाच्या टोकापर्यंत सगळी रांग एकाएकी मोकळी झाली होती. सिगरेटवाले पुरुष पळत पळत आपापल्या गाडीत शिरत होते. मागून हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळेच. कडेला गाडी घेण्याइतकी जागा होती. उजव्या हाताला, कॉसमॉसच्या आधी, चांगली गाडीभर जागा. पुढे कितीदा तरी त्यानं ती जागा मनात मोजून पाहिली. तेव्हाही त्यानं ती पाहिली होती. पण त्याचा पाय आपोआप खाली गेला आणि गाडी निघाली. त्या हसण्यापासून, त्या कड्यापासून, आईच्या आवाजापासून पुढे. आणि गाडीनं वेग घेतला तसं त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. वारा आत आला. दोन्ही बाजूंना पिकलेली भातशेतं मागे पळू लागली. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. वाटलं, असंच जावं. ओकचॉन, छुपुंगची खिंड, तेगू, जिथवर रस्ता नेईल तिथवर.

"बाबा! आजी राहिली!" बोरा किंचाळली. "आई पण राहिली! बाबा, थांबा ना!"

"मागून हॉर्न देताहेत, ऐकू येत नाही का?" तो ओरडला. आणि पुढे गेला. पहिलं वळण आलं, आरशात बघावं तर मागचा रस्ता नव्हता, आभाळ होतं. दुसऱ्या वळणानंतर पुन्हा सगळ्या गाड्यांचे लाल दिवे पेटले आणि रांग पहिल्यासारखीच गच्च उभी राहिली. तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली. आता ते सोपं होतं. बोरा रडत नव्हती. आजीचे जोडे मांडीवर घेऊन ती त्याच्या मानेकडे बघत होती, एवढं त्याला न बघता कळत होतं.

तो उतरला आणि मागे चालू लागला. मग पळू लागला, पळताना दिसावं म्हणून. वळणावर त्या भेटल्या. आई पुढे, मळलेल्या पायमोज्यांवर, ह्ये-रानचा हात धरून. मागे साहेबांची बायको, घामाघूम. साहेबही पुढे निघून गेले होते.

"पुरुष सगळे सारखेच," साहेबांची बायको हसत म्हणाली. "रस्ता मोकळा दिसला की यांना काही सुचत नाही."

"थांबून कसा राहील तो?" आई लगेच म्हणाली. "मागे एवढ्या गाड्या. लोक शिव्या नसते का देत?" आणि त्याच्याकडे वळून, "पळत कशाला आलास? दम लागला बघ."

ह्ये-रान त्याच्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. ती जागा तिनंही पाहिली होती, कारण ती तिथेच उभी होती.

गाडीशी पोचल्यावर आई म्हणाली, "बोराची आई, माझे पायमोजे बदलते गं. मागे पिशवी आहे ना?" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं डिकी वर केली. दोन खोके सरकवले. रजई होती, तिची, निळ्या फुलांची. आणि गाठोडं, ज्याच्या गाठीतून लोकरीची बाही डोकावत होती. आई बघत उभी राहिली. शेजारून एक मोटारसायकल गाड्यांच्या मधून फडफडत गेली. सोक-जूला वाटलं, आता ती विचारेल, आणि विचारलं तर आपण सगळं सांगून टाकू, इथंच, रस्त्यावर. आईनं रजईवरून एकदा हात फिरवला. "बुसानला समुद्राचा वारा असतो," ती म्हणाली. "बरं केलंत." आणि पायमोजे घेऊन तिनं खोके होते तसे परत रचले, आधीपेक्षा नीट.

छुपुंगच्या खिंडीत धुकं होतं. तेगूपाशी आईला झोप लागली, किंवा तिनं डोळे मिटून घेतले. आरसा त्यानं केव्हाच सारखा केला होता, पण आता त्यात बघायचं धाडस होत नव्हतं.

बुसानला पोचले तेव्हा दिवे लागले होते. सोक-माननं दुकान बंद करून वर सगळी तयारी ठेवली होती. जेवणाचं बैठं मेज वाकलं होतं इतके वाडगे. भावजय तळलेले मासे गरम गरम आणून ठेवत होती आणि सोक-जूची नजर चुकवत होती. तिलाही आधीच सगळं माहीत होतं. मेजाभोवतीच्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं.

"मग, प्रवास कसा झाला आई?" सोक-माननं विचारलं. "हाल झाले असतील."

"हाल कसले!" आई सरसावून बसली. "अरे, मला रस्त्यातच लागली. भर रस्त्यात! मागे गाड्या, पुढे गाड्या. आता काय करावं? तर तुझ्या दादानं लगेच गाडी कडेला घेतली, डिकीतली रजई काढली, आणि स्वतः आडोसा धरून उभा राहिला. हॉर्न वाजताहेत, लोक ओरडताहेत, शेजारच्या गाडीत याचे साहेब. पण हा हलला नाही. रस्ता मोकळा झाला तरी हलला नाही."

सोक-जूच्या हातातले चॉपस्टिक तसेच राहिले. समोर बोराचं तोंड उघडलं, "आजी, पण बाबा तर—" आणि आईनं एक सोंगप्योन, सणाचा तांदळाचा गोड उंडा, उचलून तिच्या तोंडात घातला. "खा बाई, तुझ्यासाठी तिळाचे केलेत काकूनं." बोरानं गाल फुगवून बापाकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि चावू लागली.

"खरंच, दादा?" सोक-मानचे डोळे भरून आले होते. त्यानं दोन्ही हातांनी बाटली उचलून दादाचा पेला भरला. "माझ्याच्यानं झालं नसतं. साहेबांसमोर? नाही बुवा."

सगळे त्याच्याकडे बघत होते. ह्ये-रान वाडग्यात बघत होती.

"हो," सोक-जू म्हणाला, आणि पेला तोंडाला लावला.

"आणि आता माझं ऐका," आई म्हणाली. "मी इथंच राहणार आहे. दोन-चार दिवस नाही, राहणारच. मला समुद्राची हवा मानवते. सोक-जू नको म्हणेल, रुसेल, ते मला ठाऊक आहे. पण थोरल्याकडे राहिले, आता धाकट्याकडे नको का?"

भावजयीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच खोकल्यात लपवला. सोक-मान दादाकडे बघू लागला. आता थोरल्यानं बोलायचं होतं. चारदा तरी नाही म्हणायचं, मग नाइलाजानं हो म्हणायचं, ही रीतच होती. सोक-जूनं पेला खाली ठेवला. "असं कसं आई?" तो म्हणाला. आवाज बरोबर लागला होता, थोडा चढा, थोडा दुखावलेला. "आमचं काही चुकलं का? बोराला करमेल का तुझ्याशिवाय? तू आमच्याबरोबरच परत यायचंस."

"नको रे बाबा. ठरलं म्हणजे ठरलं."

"नाही, यायचंस," तो म्हणाला. आणि हे दुसऱ्यांदा म्हणताना त्यानं पुढ्यातला वाडगा बाजूला सारला. कारण आता त्याला खरंच तसं वाटत होतं. उद्या, आत्ता, जोडे मांडीवर घेऊन, मुळ्याचा पाला, पुठ्ठे, सगळ्यासकट तिनं परत यावं असं त्याला इतक्या तीव्रतेनं वाटलं, की तो मेजावरून पुढे वाकला. "आई, मी खरं सांगतो. खरंच. तू चल. मी मनापासून म्हणतोय."

शब्द तेच होते. वेगळे शब्द त्यानं शोधले, पण असे जे शब्द होते ते सगळे आधीच्या वाक्यांत वापरून झाले होते. सोक-मान मान हलवत हसला, 'दादा म्हणजे दादाच' अशा थाटात. भावजयही हसली, रीतीनं नाही म्हणणाऱ्या माणसाला हसून साथ द्यावी तशी. आणि आईनं माशाचा सगळ्यांत चांगला तुकडा काटे काढून त्याच्या भातावर ठेवला.

"कळलं रे मला," ती म्हणाली. "जेव आता. सकाळी लवकर निघा, परतीच्या रस्त्याला गर्दी नसेल."